कॉव्हेंट्रीत चालणारी तिथी

सत्याला सीमा नसतात. ते लेस्टरला न्या, लातूरला न्या, नाही तर सैबेरियात नेऊन ठेवा. सत्य ते सत्यच राहतं. हे डॉक्टर पुरुषोत्तम हळबे यांचं आयुष्यभराचं मत होतं, आणि ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी दुपारी दोनपर्यंत ते टिकलं. दोन वाजून चार मिनिटांनी असं निष्पन्न झालं, की सत्य कॉव्हेंट्रीत चालतं आणि वेम्बलीत चालत नाही, कारण वेम्बलीतल्या लॅपटॉपवर पायथनची आवृत्ती वेगळी आहे.

हे सत्य म्हणजे डॉक्टरांनी कॉव्हेंट्रीच्या घरी बसून स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम होता. डॉक्टर पॅथॉलॉजिस्ट. अडतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि निवृत्त झाल्यावर तोच डोळा त्यांनी संगणकाला लावला. लायब्ररीतल्या निवृत्तांच्या क्लासमध्ये पायथन नावाची संगणकाची भाषा शिकले. बाकीच्यांनी टोमॅटोला पाणी कधी घालायचं याचे प्रोग्राम लिहिले. डॉक्टरांनी तिथीचा लिहिला. गाव सांगा, तिथी सांगा. त्या गावच्या सूर्याप्रमाणे तारीख मिळेल.

यामागे एक जेवण होतं.

तीन वर्षांपूर्वी, वेम्बलीला, डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे सुमनअक्काकडे, भाऊजींचं श्राद्ध होतं. वीस पानं मांडलेली. गुरुजी आपोष्णी घेऊन बसलेले. तेवढ्यात डॉक्टरांनी फोनमध्ये सूर्योदय बघितला, मनाशी काही आकडेमोड केली आणि जाहीर केलं, "अक्का, तिथी उद्या आहे गं. भाऊजी यायचे उद्या, आणि आपण जेवून घेतोय आज."

कुणीतरी हसलं. बोलणं एक वेळ खपलं असतं, पण हसणं नडलं. अक्कानं शांतपणे भावाच्या पानात आणखी एक वडा वाढला, आणि त्यानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. जेवायलाही बोलावलेलं नव्हतं.

प्रोग्राम लिहायला घेतला तो अक्का चुकली हे सिद्ध करायला. फेब्रुवारीत पुरा झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न त्याच वर्षाचा विचारला. संगणक म्हणाला, अक्काचीच तारीख बरोबर. डॉक्टरांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. संगणक त्याच मतावर ठाम राहिला. उपासाला सूर्योदयाची तिथी धरतात, श्राद्धाला दुपारची. डॉक्टरांनी त्या दिवशी पानावर बसून सूर्योदयाची धरली होती.

आता फोन उचलून "अक्का, माझं चुकलं" म्हणायला किती वेळ लागतो? पण हळब्यांच्या घरात हे वाक्य चार पिढ्या कुणी उच्चारलेलं नव्हतं. तशी सोयच नव्हती. म्हणून डॉक्टरांनी असा बेत केला, की प्रोग्राम अक्काच्या लॅपटॉपवर जावा, तिनं स्वतःच्या बोटानं बटण दाबावं, आणि 'तुझं बरोबर होतं' हे संगणकानं परस्पर सांगून टाकावं. भाऊजींची तिथी येत्या शनिवारी होती. तोवर हे झालं, तर शनिवारी वेम्बलीला आपलंही पान मांडलं जाईल, एवढीच त्यांना आशा होती.

बेतात एकच खोट होती. प्रोग्राम उघडत नव्हता.

"मामा, एरर आलीये," फोनच्या स्पीकरवर ऋजुता म्हणाली. ऋजुता अक्काची सून. मंगळवारी घरून काम करायची, आणि त्या मंगळवारी करत नव्हती. "लाल लाल अक्षरं आहेत. खूप."

"शेवटची ओळ वाच."

"कंपायलर लागेल म्हणतोय. तो कुठे मिळतो?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ऋजुतानं अगदी नवीकोरी पायथन बसवली होती. डॉक्टरांची ग्रहगणिताची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड, जुनी. नव्या पायथनसाठी ती तयार मिळत नव्हती. घरी आणून घडवावी लागणार होती. तयार पोळ्या मागवाव्यात आणि दारात गव्हाचं पोतं यावं, तसा प्रकार.

"जुनी पायथन घाल. थ्री पॉइंट टेन. माझी तीच आहे."

मागून अक्काचा आवाज आला, "त्याला म्हणावं, त्याचं सगळं जुनंच असतं."

"मामा, आई म्हणतायत..."

"ऐकू आलं मला."

"त्याला ऐकू आलं असेल तर बरंच झालं," अक्का ऋजुताला म्हणाली.

वीस मिनिटांनी पुन्हा लाल अक्षरं आली. या खेपेला भांडण होतं. डॉक्टरांनी आपल्या संगणकावर जे जे होतं त्याची सरसकट यादी काढून वेम्बलीला पाठवली होती: एकशे सतरा लायब्रऱ्या, प्रत्येकीची आवृत्ती नेमून दिलेली. त्यातल्या एकीचं म्हणणं, मला तिसरीची दोनच्या आधीची आवृत्ती हवी. दुसरीचं म्हणणं, दोनच्या पुढचीच हवी, नाही तर मी येतच नाही. दोन विहिणी आणि मध्ये एक चौरंग.

"तुमच्याकडे कसं चालतं मग?" ऋजुतानं विचारलं.

"माझ्याकडे त्या वेगवेगळ्या वर्षी आल्या. भांडल्या असतील, मी लक्ष दिलं नाही."

एवढ्यात डॉक्टरांच्या पत्नी, शैलाताई, चहा घेऊन आल्या. शैलाताई ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. त्यांनी चष्मा सावरून पडद्यावरची यादी वाचली.

"अहो, हे ब्रिज खेळायचं काय आहे?"

"ते मागच्या हिवाळ्यात बसवलं होतं."

"आणि हे पक्ष्यांचे आवाज ओळखायचं?"

"ते तुझ्यासाठी."

"ते श्राद्धाला लागतं?"

डॉक्टरांनी यादी वर सरकवली.

"मी ट्रे लावायचे तेव्हा त्या ऑपरेशनला लागेल तेवढंच ठेवायचे," शैलाताई म्हणाल्या. "तुम्ही अख्खं हॉस्पिटल वेम्बलीला पाठवलंत. वन्संनी ठेवायचं कुठे?"

भांडणारी दुसरी विहीण ही त्या पक्ष्यांच्या बाजूचीच निघाली. पक्षी गेले, ब्रिज गेला, एकशे सतराच्या चार राहिल्या. डॉक्टरांनी त्या चौघींची नावं नीट नोंदवली, प्रोग्रामचा रीतसर बांधीव गठ्ठा केला, एका फाइलीत मावला, आणि वेम्बलीला रवाना केला. पलीकडे ऋजुतानं कळा दाबल्या.

"मामा! सक्सेसफुली इन्स्टॉल्ड!"

डॉक्टरांनी शैलाताईंकडे असं बघितलं, जसं त्यांनी लग्नानंतर फारसं बघितलेलं नव्हतं.

"आता अक्काला बसव समोर. तिला बटण दाबू दे. तिलाच."

खुर्ची सरकली. बांगड्या वाजल्या. अक्कानं बटण दाबलं असावं, कारण पलीकडे एकदम शांतता झाली. ही शांतता चांगली नव्हती. पडद्यावर जे आलंय ते झाकावं कसं, या विचारात पडलेल्या सुनेची ती शांतता होती.

"काय आलं गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही मामा. छोटंसं काहीतरी..."

"सर बाजूला, मला दिसतंय," अक्का म्हणाली. अक्का एकेकाळी सांगलीला शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं ती ओळ खणखणीत, स्वल्पविरामासकट वाचली. "नो मॉड्यूल नेम्ड, अक्का."

कॉव्हेंट्रीत चहावर साय धरली.

"नो अक्का?" आवाज आता फोनच्या अगदी जवळ आला होता. "पुरू! मला काढून टाकलंस?"

तीन वर्षांनी ती त्याच्याशी बोलली होती. डॉक्टरांना आनंद व्हायला हवा होता, पण तेवढी उसंत कुणी दिली नाही.

"अगं अक्का, तसं नाही..."

"मशीन खोटं बोलतं का? तूच म्हणायचास ना, मशीन खोटं बोलत नाही?"

"अक्का, ते म्हणतंय की तू नाहीस म्हणून चालत नाहीये."

"म्हणजे मी नाहीच ना?"

"मामा," ऋजुता घाईनं मध्ये पडली, "नेटवर असेल अक्का नावाचं काहीतरी. मी इन्स्टॉल करून बघते, दोन सेकंद..."

"नको!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "हात लावू नकोस! भलत्याच कुणाची तरी अक्का येईल. आपली बाहेर मिळत नाही!"

मग अक्का म्हणाली, आणि आवाज जरा उतरला होता, "म्हणजे काय ते नीट सांग. मराठीत."

डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी मराठीत सांगितलं. तिथी कुठली धरायची, कधी धरायची, दोन दिवशी आली तर काय, कुठल्याच दुपारी आली नाही तर काय, हे सगळे नियम एका वेगळ्या फाइलीत होते. एकोणऐंशी साली आईच्या वर्षश्राद्धाला अक्कानं सांगलीहून एक निळं हवाई पत्र धाडलं होतं, विलायतेत एकट्या पडलेल्या भावाला. ते नियम त्यातले. म्हणून फाइलीचं नाव अक्का. ती प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नव्हतीच, घरच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये होती. कधीकाळी डॉक्टरांनी संगणकाला सांगून ठेवलं होतं, की काही सापडलं नाही तर तिथे बघत जा. तो बघायचा. त्यामुळे इथे कधी अडलं नाही, आणि गठ्ठा बांधताना तिचं नाव घालायचं राहिलं.

"घरात होते म्हणून मोजली नाहीस," अक्का म्हणाली.

"हो."

"नेहमीचंच आहे." पण हे तिनं सुनेला नाही, भावालाच सांगितलं.

डॉक्टरांनी फाइल तशीच्या तशी मेलनं धाडली. "ऋजुता, ही प्रोग्रामच्या शेजारी नेऊन ठेव आणि..."

"आधी उघड," अक्का म्हणाली. "माझ्या नावावर यानं काय काय लिहिलंय, ते बघू दे मला."

"अक्का, त्यात बघण्यासारखं काही नाही, नुसतं कोड..." म्हणता म्हणता डॉक्टरांना काहीतरी आठवलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "ऋजुता, उघडू नकोस!"

पण उघडली होती. कोडमध्ये माणसांसाठी ज्या ओळी लिहितात, त्या संगणक वाचत नाही. सून वाचते.

"'श्राद्धाला दुपार बघ, उजाडती वेळ नव्हे,'" ऋजुता वाचू लागली. "'उपासाला उजाडती. उलटापालट करू नकोस. करशील.'"

"माझंच वाक्य," अक्का म्हणाली. "केलीच की."

"मग खाली मामांचं आहे. 'टूडू.'" ऋजुता थांबली.

"टूडू म्हणजे?"

"करायचं राहिलेलं काम, आई. लोक आठवणीसाठी लिहून ठेवतात."

"काय राहिलंय त्याचं?"

ऋजुतानं हळू आवाजात वाचलं, "'टूडू. तीन वर्षांपूर्वीचं तपासलं. अक्काचं बरोबर, माझं चूक. तिला सांगणे.' तारीख अकरा फेब्रुवारी."

शैलाताईंनी कप उचलले आणि मुळीच गरज नसताना ते धुवायला नेले.

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर शेजाऱ्याचं कुंपण होतं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी फळ्या मोजल्या. चौदा भरल्या.

"फेब्रुवारी," अक्का म्हणाली.

"हो."

"आता ऑगस्ट आहे."

"पॅकेजिंगला वेळ लागला अक्का," डॉक्टर म्हणाले.

पलीकडून आधी खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. तो खोकला नव्हता. तीन वर्षांपूर्वी पंगतीत कुणीतरी हसलं होतं, ते आठवून डॉक्टर क्षणभर दचकले. मग तेही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

प्रोग्राम चालला. बटण पुन्हा अक्कानंच दाबलं. त्या वर्षीची तारीख आली, तिचीच. मग या वर्षीची आली, शनिवार. अक्कानं भिंतीवरच्या पंचांगात बघून दोन्ही ताडून घेतल्या आणि संगणकाला पास केलं.

"शनिवारी अकराला या दोघं. शैलाला म्हणावं, वडे मी करणार आहे, तू हात हलवत ये. आणि पुरू, पानावर बसल्यावर फोन खिशात."

"हो अक्का."

"एवढं सगळं बनवलंस ते चांगलंच केलंस हो. पण तिथीला मला पंचांग पुरतं." अक्का जराशी घुटमळली. तीन वर्षांत तिनं त्याच्याकडे काही मागितलेलं नव्हतं, आणि मागताना तिचा आवाज थेट सांगलीचा झाला. "मला एक सांग, बँक हॉलिडे आला की आमचा कचऱ्याच्या बिनचा दिवस पुढं जातो. मग त्या आठवड्यात निळा डबा बाहेर काढायचा की काळा, हे सांगेल का रे ते?"