अगणित

लातुरात चित्रांचं प्रदर्शन भरवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इथे पोराला डॉक्टर करायचं असतं, चित्रं बघायला वेळ कुणाला? तरी निलंग्याच्या शाळेतली चित्रकलेची बाई, ज्योत्स्ना, हट्टाला पेटली होती. ट्यूशनच्या गल्लीतला एक हॉल तिने भाड्याने घेतला, खिडक्या कागदाने बुजवल्या आणि स्लॅबच्या खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, काळं कापड ताणून बांधलं. कापडाला दाभणाने, सुईने भोकं पाडलेली, त्याच्या वर दिवे. खाली उभं राहून मान वर केली की विश्वच. प्रदर्शनाचं नाव तिने ठेवलं होतं 'अगणित'.

उद्घाटनाचे पाहुणे विश्वाबद्दल इतकं बोलले की विश्वाला पुढे बोलायला काही उरलं नाही. पण ते गेले, दार लागलं, अंधार झाला आणि क्लासची पोरं खरोखर गप्प झाली. एक मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, आपण केवढे बारीक आहोत." तेवढ्यानेही ज्योत्स्नाला भरून आलं. वार्ताहराने विचारलं, एकूण तारे किती? ती ऐटीत म्हणाली, "मोजले नाहीत. मोजायचेच नव्हते."

मात्र ज्या माणसासाठी हे सगळं मांडलं होतं, ते माणूस बाहेर कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसलं होतं.

धुरपताबाई, तिची आई, किल्लारीची. भूकंपानंतर सरकारने पक्कं घर दिलं, त्यात तिने ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः अंगणात पत्र्याच्या शेडात राहिली. पत्रा पडला तर डोकं फुटतं, माणूस गाडला जात नाही, हा तिचा हिशेब. गावात अशी बरीच माणसं होती, पण ती हळूहळू घरात गेली. ही गेली नाही. विहारातली वंदनाही ती बाहेरच्या ओट्यावर बसूनच म्हणायची. नवरा, व्यंकटी, दवाखान्यात वारला तेव्हाही ती फाटकाबाहेर होती. आता तिच्याच काळजाचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि बाई दवाखान्याची पायरी चढत नव्हती. लेकीने रडून पाहिलं, भांडून पाहिलं. एकदा कुठल्या तरी पक्क्या छताखाली ती आली, तर पुढचं जमेल, एवढीच ज्योत्स्नाची आशा उरली होती.

भूकंपात थोरला मुलगा, प्रेम, गेला. ज्योत्स्ना भूकंपानंतर जन्मलेली. आई त्याच्याबद्दल बोलत नसे. लहानपणी लेकीने फारच छळलं, काय दिसलं, काय दिसलं, तेव्हा एकदाच म्हणाली होती, "चांदण्या दिसल्या. लई." या एका वाक्यावर ज्योत्स्ना वाढली. सगळं गाव आडवं झालेलं असताना या बाईने मान वर करून आभाळ पाहिलं, याचं तिला नवल वाटायचं, अभिमानही वाटायचा. हातात ब्रश आला तो त्यामुळेच.

शेवटच्या दिवशी दुपारी हॉल रिकामा होता. ज्योत्स्ना आईजवळ जाऊन बसली.

"माय, वर छत दिसत न्हाई. आभाळच हाय समज. नको वाटलं तर लगेच बाहेर."

आईने बराच वेळ हॉलच्या दाराकडे पाहिलं. "हात सोडू नगंस," म्हणाली आणि उठली.

आत गेल्यावर ज्योत्स्नाने दार लावलं. धुरपताबाईने मान वर केली. तिचा हात घामाने ओला झाला, पण ती हलली नाही. जमलं, असं ज्योत्स्नाला वाटलं. दवाखान्यात फोन कधी करायचा, इथपर्यंत तिचं मन धावलं.

"असंच व्हतं," आई म्हणाली.

"त्या दिवशीच्या चांदण्या ना?"

"चांदण्या कुठल्या, बाई. माळवद पडलं व्हतं अंगावर. माती, लाकडं, धोंडे. उजाडलं तसं फटीतनं असं टिपकं टिपकं दिसाय लागलं. प्रेम कुशीत व्हता, लई रडत व्हता. म्हनलं, चांदण्या हायत बघ, मोज. त्याला इसापर्यंतच यायचं. फुडचं मी सांगायची, त्यो माझ्या मागं म्हनायचा. मग मी एकलीच म्हनत राहिले."

आभाळ दाखवते म्हणून ज्योत्स्नाने आईला पुन्हा त्याच ढिगाऱ्याखाली आणून उभं केलं होतं, तेही हौसेने, महिनोन् महिने भोकं पाडून.

"चल माय, बाहेर चल."

"थांब. मोजायच्या राहिल्या. लोकांनी माती काढली, समदा उजेड आला, मोजनंच मोडलं. त्याला म्हनलं व्हतं, समद्या मोजून झाल्या की आपन बाहेर जाऊ."

धुरपताबाई फरशीवर बसली, एक हात कुशीशी धरला आणि एकपासून सुरुवात केली. प्रत्येक आकड्यानंतर ती जराशी थांबत होती. ज्योत्स्नाने दंडाला धरून उठवायला पाहिलं, तर तिने हात झटकला. एवढ्या वर्षांत आई पहिल्यांदा पक्क्या छताखाली बसली होती आणि आता ती बाहेर यायला तयार नव्हती.

क्लास सुटलेली पोरं दार वाजवत होती. ज्योत्स्नाने वर पाहिलं. भोकं पाडताना तिने मोजली नव्हती.