हिरोबेसाहेबांचा उलटा छाप

तलवार लावायला सरकारने बंदी केली, तरी हिरोबेसाहेबांची सामुराईची ऐट गेली नाही. दिवसभर घरी छत्र्यांना कागद चिकटवायचे, पण चालायचे एका अंगाला झुकून, कमरेला अजून तलवार असल्यासारखे. मुलगी ओताए टोफूवाल्याशी लग्न करून फुकागावाला गेली, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. आपण होऊन तिच्याकडे जाणं त्यांच्या इभ्रतीत बसेना.

एक दिवस ते आमच्या छापखान्यात आले.

"किसुके, माझं चित्र छाप. दोन्ही तलवारींसकट. सगळ्या दुकानांत ठेव. फुकागावात तर नक्की."

"फुकागावात कोण विकत घेणार तुमचं तोंड?" आमच्या यांनी विचारलं.

"नाही घेतलं तर नाही. दिसलं म्हणजे झालं."

मला कळलं. यांना कळलं नाही. हे लाकूड कोरण्यात उस्ताद, बाकी सगळा आनंद.

पातळ कागदावरचं चित्र ठोकळ्यावर पालथं चिकटवायचं असतं. मग कोरता कोरता तो कागद संपूनच जातो. जेवणात मुळा का नाही म्हणून माझ्याशी भांडता भांडता यांनी ते उताणं चिकटवलं. छाप उलटा निघाला. तलवारी उजव्या कमरेला, आणि किमोनोची उजवी बाजू वर. तसा किमोनो आमच्यात फक्त मढ्याला नेसवतात.

"कोणाच्या लक्षात येतंय!" हे म्हणाले. नाव मागाहून सुलट कोरलं आणि छाप दुकानांत पाठवले.

सगळ्यांच्या लक्षात आलं. सकाळी मी माफी मागायला गेले, तर साहेबांच्या दारात अख्खी गल्ली उदबत्त्या घेऊन उभी. साहेब आत चहा घातलेला भात खात होते. उदबत्त्या त्यांनी ठेवून घेतल्या.

एवढ्यात ओताए धावत आली, हातात टोफूचा ओला फडका तसाच. बाप भात चावताना दिसला आणि ती किंचाळली, "जिवंत आहात? लाज नाही वाटत? सगळ्या रस्त्याने रडत आले मी!"

ती परत जायला वळली. साहेबांनी हातातला वाडगा खाली ठेवला, पट्टा सोडला, किमोनोची उजवी बाजू नीट वर घेतली आणि ताठ बसले.

"आपल्यात मयताच्या घरून न जेवता जात नाहीत," ते म्हणाले. "बस."

मला रडू आलं, आणि उलटा छाप काढणाऱ्या यांचा रागही. ओताए दारातच थबकली. मग आत आली, बापाच्या किमोनोची डावी बाजू खसकन वर ओढली आणि पट्टा घट्ट बांधला.

"मावशी," ती मला म्हणाली, "भात उरलाय का?"