तेहेतीस नंबरचा चेहरा

माणूस हा प्राणी तिरस्काराच्याच लायकीचा आहे, हा निष्कर्ष रिटचरनं एकतीस वर्षांच्या खडतर अभ्यासातून काढला होता. अभ्यासाचं ठिकाण म्हणजे फोटो स्टुडिओच्या मागची, एका टेबलानंच भरून जाणारी खोली. तिथे माणूस असा कुणी फिरकतच नसे. यायच्या त्या निगेटिव्ह.

खालून दिवा लावलेल्या तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, सुरकुत्या एकेक करून बुजवायच्या. बाहेर मालक गिऱ्हाइकाला "हनुवटी जरा वर, श्वास धरा, आता सासूबाई विसरा" म्हणत असायचे. पलीकडे हसू फुटलं की अलीकडे रिटचरच्या कपाळाला आठी पडायची. मालक त्याला ऋषी म्हणत. ऋषी कुणाच्या लग्नाला जात नसे, बारशाला जात नसे. समोरून ओळखीचं कुणी आलं तर दुकानाच्या पाट्या वाचायला लागे. गावातल्या सगळ्या पाट्या त्याच्या पाठ होत्या.

याचं मूळ होतं पहिल्याच वर्षी. धाकट्या बहिणीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर व्हायचं होतं. चेहरा कुणाला दिसणारच नाही अशी ती नोकरी, तरी अर्जासोबत फोटो बंद पाकिटातून मागवला होता. रिटचर तेव्हा नवा होता, हाताला खाज होती. हनुवटीवरची खोक गेली, नाकाचं वाकडेपण गेलं, डोळ्यांखालची जाग्रणं गेली. मालकांनी फोटो छापून पाकीट चिकटवून दिलं आणि त्यानं ते स्वतः टपालात टाकलं. मुलाखतीला बहीण नवी चप्पल घालून गेली आणि अर्ध्या तासात परत आली. साहेबांनी पाकीट उघडलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "या फोटोतली व्यक्ती तुम्ही नाही. पुढचे कोण?"

ती रडली नाही, रागानं भाकरीसारखी फुगली मात्र. खोडरबर फिरवावं तसा बहिणीचा चेहरा आपणच पुसला, हे रिटचरनं मनात गाडून टाकलं आणि वर मनुष्यजातीचा तिरस्कार रचला. एका खोकेसाठी पोरीला हाकलणारी जात! तेव्हापासून त्यानं सूड उगवायला सुरुवात केली. प्रत्येक चेहऱ्यावरचा एक दोष तो मुद्दाम ठेवी. कुणाचा तीळ, कुणाचा पुढे आलेला दात, कुणाची तिरकी भुवई. भोगा म्हणावं!

गंमत अशी की गिऱ्हाईकं फोटो बघून खूश होत. "आमच्यासारखाच आलाय हो," म्हणत आणि पुढच्या वेळी चुलत्यामामांनाही घेऊन येत.

आता स्टुडिओ बंद होणार होता. दारावर पाटी लागली होती : शनिवारपर्यंत आपापल्या निगेटिव्ह घेऊन जा. आठवडाभर लोक येत होते आणि रिटचर दाराच्या फटीतून बघत होता. डाव्या गालफडावरचा तीळ आला. आता त्याला केस फुटला होता. पुढचा दात आला. तो आता एकटाच उरला होता. नावं त्याला एकही येत नव्हती, पण चेहरे असे ओळखू येत होते की त्याला स्वतःचीच लाज वाटली. ज्यांचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यांची तोंडं इतकी जपून ठेवायचं काय कारण होतं?

शनिवारी दुपारी बहीण आली. आता तिची स्वतःची लाँड्री होती, हाताला इस्त्रीचे दोन चटके कायमचे.

"दादा, माझा तो अर्जाचा फोटो असेल ना रे? मी कधी पाहिलाच नाही. नात विचारते, आजी तरुणपणी कशी होतीस."

हीच वेळ होती. उद्या हे सगळं भंगारात जाणार होतं आणि मग बोलायला जागाच उरणार नव्हती.

"तुझी नोकरी मी घालवली," रिटचर म्हणाला.

"कुठली?"

"टेलिफोनची. तुझा चेहरा मीच पुसला. खोकसुद्धा ठेवली नाही. म्हणून ते म्हणाले, तू ती नाहीस."

बहिणीनं कमरेवर हात ठेवले. "आणि हे एकतीस वर्षं पोटात ठेवलंस? म्हणून माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीला पाठ करून बसलास?"

"माणसं आवडत नाहीत मला."

"मी कोण, कपाट?"

इतक्यात मालक शिडीवरून उतरले. त्या वर्षीचा खोका त्यांच्या हातात होता. "ऋषी, वहीप्रमाणे तुझ्या बहिणीचा नंबर तेहेतीस ना? हा घ्या." त्यांनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली.

बहिणीनं डोळे बारीक केले. "मालक, मला मिशा कधी होत्या?"

मालकांनी चष्मा वर केला, निगेटिव्ह उलटली. काठावर शाईनं लिहिलेला आकडा आता ६६ झाला. तीन मागून पाहिला की सहा दिसतो. "हे असं होतं बघा कधीकधी घाईत," ते म्हणाले आणि निगेटिव्ह परत घालायला सहासष्टचं पाकीट उघडलं. आतून एक जादा छापलेली प्रत खाली पडली. मिशीवाले गृहस्थ, छातीवर पदक, करडी नजर. मागे मालकांच्याच अक्षरात : ऋषीची बहीण, अर्जासाठी.

प्रती ज्याच्या त्याच्या पाकिटात लावायचं काम तेव्हा मालकीणबाई करत. त्या चेहरा बघून लावत, मागचं वाचत नसत.

म्हणजे साहेबांनी पाकिटातून काढला होता तो हाच चेहरा. मग बहिणीला हसू आलं, इतकं की तिला स्टुडिओतल्या रंगवलेल्या बाल्कनीला टेकून उभं राहावं लागलं. मालक माफी मागत होते. रिटचर भिंग शोधत होता, ते त्याच्या डोळ्यालाच होतं.

खरा तेहेतीस नंबर तळाशी सापडला. रिटचरनं तो काचेवर ठेवला. एकही प्रत न निघालेली ती निगेटिव्ह अगदी कोरी करकरीत होती. बहीण खांद्यावरून वाकली. "काढ ना रे एक. खोक राहू दे नाहीतर नको, पण काढ."

"आत्ता काढतो," रिटचर म्हणाला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकासाठी धावत डार्करूममध्ये गेला.

छपाईचा कागद मार्चमध्येच संपला होता.