बापाच्या वहीतली सुतं

अॅथल ग्रिग्जचे हात थरथरायला लागले त्याला तीन वर्षं झाली होती. चहाचा कप तो अर्धाच भरून घ्यायचा. कुणी त्यावरून काही बोललं तर सांगायचा की पूर्ण कप घेतला तरी पोटात अर्धाच जातो, मग किटलीला कशाला त्रास? चहाचं असं भागून जात होतं, पण होडीचं भागत नव्हतं. होडी बांधायची तर आधी ती पूर्ण मापाने जमिनीवर रेखावी लागते आणि रेघ थरथरली की होडीही वाकडी होते. म्हणून तीन वर्षांत अॅथलने एकही होडी बांधली नव्हती.

ह्युऑन नदीच्या काठी, सफरचंदांच्या एका जुन्या गोदामात, गावातल्या निवृत्त माणसांची सुतारकामाची शेड भरायची. तिथे या वर्षी दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे संगणकाच्या हुकमाने प्लायवूड कापणारं यंत्र. दुसरी म्हणजे गावच्या नौकाशर्यतीसाठी वल्ह्याची नवी होडी बांधायचं काम. शेडचा अध्यक्ष केल्विन आयुष्यभर शाळेचा मुख्याध्यापक होता आणि अजूनही तसाच बोलायचा. त्याने दहाच्या चहाला सगळ्यांसमोर सांगितलं की समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरून होडीचे तयार तुकडे मागवायचे आणि जोडायचे, नसता व्याप नको.

अॅथलने त्याला आपल्या वडिलांची होडी बांधायची असं सुचवलं. नऊ फुटांची, रुंद पोटाची, वाऱ्यात पाणी आत न घेणारी. वडिलांनी तशा एकतीस बांधल्या होत्या. शेवटची गेल्या हिवाळ्यात धक्क्याखाली कुजून बसली. आता ती होडी फक्त एका वहीत उरली होती.

केल्विन म्हणाला, "आणि रेखणार कोण? तू? तुझी रेघ बघून सापसुद्धा शरमेल."

सगळे हसले, अॅथलही हसला. मग म्हणाला, "रेघ यंत्र काढेल. मी सांगेन कुठे काढायची ते."

केल्विनने गुरुवारपर्यंत मुदत दिली. गुरुवारी समितीची बैठक होती. तोवर होडीचे सातही फर्मे, म्हणजे ज्यांच्यावर फळ्या वाकवायच्या ते आडवे साचे, कापून, उभे करून दाखवायचे. नाहीतर तयार तुकडे मागवायचे. अॅथलला एवढं पुरेसं होतं.

यंत्र चालवायची लिओनी. बासष्ट वर्षांची, जस्ताच्या कारखान्यात तीस वर्षं नकाशे काढलेली बाई. आराखड्याचं सॉफ्टवेअर तिनेच शेडच्या संगणकावर चढवलं होतं आणि कुणी त्याला हात लावत नाही म्हणून ती चिडून होती. अॅथल येऊन बसला तसा तिने माउस त्याच्या हातात दिला. बाण स्क्रीनभर माशीसारखा फिरायला लागला. अॅथलने हात मागे घेतला.

"धर रे, सोडू नकोस," लिओनी म्हणाली. "रेघेच्या टोकाजवळ नुसता ने. टोकाला तो आपणच चिकटतो."

खरंच चिकटला. मग तिने त्याला दाखवलं की रेघ ओढायचीसुद्धा गरज नाही. मापं टाइप केली की बिंदू उमटतो आणि सगळे बिंदू झाले की संगणक त्यांच्यातून वळणदार रेघ नेतो. अॅथलने एका बोटाने एक आकडा दाबला. बोट थरथरत होतं. आकडा मात्र स्क्रीनवर गप्प उभा होता. अॅथलने खुर्ची पुढे ओढली आणि कोटाच्या खिशातून वही काढली.

वहीत होडीच्या लांबीत सात ठिकाणी तिची उंची-रुंदी किती, याचा तक्ता होता. प्रत्येक फर्म्याची आठ मापं, एकूण छप्पन. प्रत्येक माप तीन आकड्यांचं, मधे आडव्या रेघा: १-११-७, २-०-२, १-९-०. लिओनीचा जन्म मिलिमीटरमधला. फुटा-इंचांची तिला सवय नव्हती. तिने सॉफ्टवेअरमध्ये फूट आणि इंच निवडून दिले आणि सांगितलं, आधी फूट, मग इंच, इंचाच्या वरचं जे काही असेल ते टिंब देऊन पुढे. अॅथलने छप्पन मापं स्वतः भरली. दोन दिवस लागले. मधे केल्विन दोनदा येऊन मागे उभा राहिला. दुसऱ्यांदा अॅथल त्याला म्हणाला की वर्गात फेऱ्या मारायच्या तर खडू तरी घेऊन ये.

बुधवारी सकाळी यंत्राने फर्मे कापले. कडा अशा गुळगुळीत की अॅथलने आयुष्यात करवतीने तशा कापल्या नव्हत्या. सातही फर्मे लांब तुळईवर उभे केले आणि त्याने त्यांच्यावरून बारीक लवचीक पट्टी होडीच्या लांबीच्या दिशेने वाकवली. होडी बरोबर असेल तर पट्टी सातही फर्म्यांना टेकते.

ती चार ठिकाणी टेकली. दुसऱ्या आणि पाचव्या फर्म्यावर खाली फट होती, सहाव्यावर थोडी कमी. पाचव्यावर आगपेटीची काडी सहज जात होती.

केल्विनने काडी घातली, काढली, पुन्हा घातली. या वेळी तो हसला नाही आणि तेच अॅथलला जास्त लागलं. केल्विन हळू आवाजात म्हणाला की वही साठ वर्षांपूर्वीची आहे, ती लिहिणाऱ्या म्हाताऱ्याचीही चूक झाली असेल. लिओनीने स्क्रीनवर पुन्हा पाहिलं. रेघ तिथे सुरेख दिसत होती. तिला यंत्राची शंका आली. तिने कापलेला तुकडा मोजला, तो आराखड्याशी केसभरही चुकला नव्हता. म्हणजे यंत्र बरोबर, आराखडा बरोबर, आणि होडी चूक.

"माझ्या बापाने एकतीस होड्या या वहीतून काढल्या," अॅथल म्हणाला. "एकतीसही तरंगल्या. चूक माझ्या बोटात आहे. शोधतो."

लिओनी म्हणाली की तिने एकेक आकडा वहीशी ताडून पाहिला होता, एकही चुकलेला नव्हता. अॅथल चहाला गेला नाही. त्याने पोलादी टेप घेतली, वही गुडघ्यावर ठेवली आणि फर्मे मोजायला घेतले. पाचव्या फर्म्याला वही सांगत होती १-११-७. एक फूट, अकरा इंच, सात सूत. टेपवर दिसलं साडेपाच सुतांच्या जरासं पुढे. जवळजवळ दीड सूत कमी. मग चौथा, २-०-२. तिथे फरक होता, पण अर्ध्या सुताच्याही आत. मग तिसरा, १-९-०. अगदी बरोबर.

तो थांबला. पुन्हा पाचव्याकडे गेला. शेवटी शून्य तिथे चूक शून्य. शेवटी दोन तिथे थोडी. शेवटी सात तिथे सगळ्यात जास्त.

"लिओनी," त्याने हाक मारली, "तुझा संगणक टिंबाच्या पुढे इंचाचे तुकडे किती करतो?"

"दहा. दुसरे किती करणार?"

"आठ," अॅथल म्हणाला. "माझा बाप आठ करायचा. मी पण आठच करतो. साठ वर्षं इंचाला आठच सुतं मोजली, म्हणून टिंबापुढे सात लिहिताना मला काही वावगं वाटलंच नाही."

लिओनी स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाली की सात सूत म्हणजे सात अष्टमांश, पॉइंट आठशे पंच्याहत्तर, आणि तिने ताडून पाहिलेले आकडे अक्षराने बरोबर होते, मापाने नव्हते. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर तिने त्याला दुपारच्या आत कामावरून पिटाळलं असतं.

"मला पिटाळ," अॅथल म्हणाला, "पण आधी संगणकावर बसू दे."

शून्यावर संपणारी सहा मापं सोडली तर पन्नास उरली. दुपारपर्यंत ती नव्याने भरून झाली. लिओनी अष्टमांशाचा हिशोब सांगत होती आणि अॅथल दाबत होता. तिने घाईने स्वतः टाइप करायला हात पुढे केला तेव्हा त्याने तो बाजूला सारला.

आता अडचण लाकडाची. कमी पडलेला फर्मा वाढवता येत नाही आणि शेडमधलं प्लायवूड संपलं होतं. केल्विनला विचारलं असतं तर तो म्हणाला असता की बैठक उद्या आहे. अॅथलने विचारलं नाही. त्याची मुलगी स्वयंपाकघर नवं करत होती आणि जुन्या कपाटांची दारं गॅरेजमध्ये पडून होती. जाड, सपाट, पांढरी. त्याने ती गाडीत घालून आणली. यंत्राला कसलंच वावडं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सात नवे फर्मे तुळईवर उभे राहिले, पांढरेशुभ्र, आणि तिसऱ्याच्या मधोमध मुठीची दोन भोकं.

गुरुवारी सकाळी बैठकीआधी सगळे गोळा झाले. अॅथलने पट्टी एका टोकाला लिओनीला धरायला दिली, दुसरं टोक स्वतः घेतलं. त्याच्या बाजूने पट्टी थरथरत खाली आली आणि फर्म्यांवर टेकली तशी शांत झाली. पुढच्या टोकापासून मागच्यापर्यंत एकच वळण, कुठे उचललेलं नाही, कुठे खचलेलं नाही. सातही जागी टेकलेली. अॅथलने पट्टी एक वीत वर सरकवली. पुन्हा सातही जागी. मग तो खाली वाकला, एक डोळा मिटला आणि पट्टीच्या रेषेत डोळा लावून बघत राहिला. धक्क्याखाली कुजलेल्या होडीची कंबर तीच होती.

केल्विन पाचव्या फर्म्याशी गेला. त्याने काडी काढली नाही. नखाने चाचपून पाहिलं, मग सहाव्यावर, मग दुसऱ्यावर.

"फळ्या कशाच्या?" त्याने विचारलं.

"सेलरी-टॉप पाइनच्या, पाण्यात टिकणारं लाकूड. सॉमिलवाल्याकडे वाळलेल्या आहेत, मी बघून आलो."

"कधी बघून आलास?"

"सोमवारी."

"सोमवारी तर तुझा एकही फर्मा कापला नव्हता."

"नव्हता," अॅथलने कबूल केलं. "लाकूड चांगलं होतं, दुसऱ्या कुणी नेलं असतं."

बैठक पाच मिनिटांत संपली. होडी वहीतली बांधायची ठरलं. उठताना केल्विनने विचारलं की फर्मे झाले, पण फळ्यांना रंधा कोण मारणार, ते तर संगणक करत नाही.

"तू," अॅथल म्हणाला. "तुझा हात स्थिर आहे. कुठे किती काढायचं ते मी सांगतो."

"मी उभ्या जन्मात रंधा धरला नाही, अॅथल."

"चाळीस वर्षं दुसऱ्यांना बाकावर बसवलंस, आता तू बस. सोमवारी आठला ये. उशीर करू नकोस."

लिओनी तोवर संगणकाशी जाऊन बसली होती. अॅथलने वहीचं पुढचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. त्यावर बारा फुटांच्या होडीचा तक्ता होता. त्याने खुर्ची ओढली आणि पहिल्या मापातल्या तीन सुतांचे दशांशात किती होतात ते तिला विचारलं.