खुर्चीतली झोप

शिंप्याची मान दुखायला लागली, तेव्हा त्याने ते दुखणं बरेच दिवस अंगावर काढलं. मशीनवर वाकून ज्याचा जन्म गेला त्याची मान दुखणार नाही तर कोणाची, असं त्याचं म्हणणं. पण पुढे कळ खांद्यातून पाठीच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरली, मान उजवीकडे वळेना, आणि एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची कॉलर वाकडी बसली. परगावी राहणाऱ्या मुलाने फोनवर सांगून टाकलं की आता दुकान बंद करा आणि आमच्याकडे या. पण बायको गेल्यापासून शिंप्याला दिवस ढकलायला दुकान तेवढं उरलं होतं.

थोरली बहीण त्याला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे घेऊन गेली. आत तू तोंड उघडू नकोस, असं त्याने जिन्यातच बजावलं. पण अक्काच्या तोंडात तीळ भिजत नसे.

बाईंनी मान दाबून पाहिली, वळवून पाहिली. हाताला मुंग्या येतात का, पकड सुटते का, विचारलं. तसं काही नव्हतं. मग काळजीचं कारण नाही, म्हणाल्या. मानेची दुखणी बहुतेक साध्याच गोष्टींची असतात. तासन्‌तास खाली बघून काम, उंच उशी, मनावरचा ताण, वयाबरोबर होणारी मणक्यांची झीज.

"झोपता कसे, काका?"

"पलंगावर. उताणा."

"थापा मारू नकोस," अक्का म्हणाली. "खुर्चीत झोपतो हो हा."

मग तिनेच सगळं सांगितलं. शेवटच्या आजारात भावजयीला आडवं झालं की धाप लागायची. ती उशांना टेकून बसून झोपायची, आणि हा पलंगाला खुर्ची लावून, तिच्याकडे मान वळवून. श्वास ऐकू यावा म्हणून. ती गेली, पण खुर्ची तिथेच राहिली, आणि मानही तिकडेच.

बाई म्हणाल्या, शिवण चालू द्या. मशीनखाली ठोकळे घालून ते उंच करा, मधूनमधून उठा, मी दाखवते ते व्यायाम करा.

"खुर्ची मात्र सोडावी लागेल."

शिंपी भांडायच्या तयारीने आला होता, पण ते मशीनसाठी. त्याने विचारलं, "त्यापेक्षा थोडे दिवस मशीनच बंद ठेवलं तर?"

अक्काने त्याच्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर जेवणं झाली. अक्काने कोणाला न विचारता खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली आणि स्वतःच तिच्यात बसून शेंगा सोलायला लागली. शिंपी पलंगाच्या अर्ध्या भागात आडवा झाला. उरलेल्या अर्ध्यावर चादर ताठ होती. टॉवेलची गुंडाळी मानेखाली घेतली, बाईंनी सांगितलं होतं तशी. मान सरळ ठेवली की ती आपोआप डावीकडे जाई. तो ती परत आणी. पुन्हा जाई.

आतून अक्काने विचारलं, "झोप लागली का रे?"

"बघतोय."

"मग डोळे मिटून बघ."

त्याने डोळे मिटले. मान गेली डावीकडे. या वेळी त्याने ती जाऊ दिली. आत शेंगा सोलल्याचा आवाज येत होता. तो ऐकता ऐकता कधीतरी त्याचा डोळा लागला.