काठावर कोण होतं

पहिला दगड पंपघराच्या पत्र्याच्या दारावर बसला तेव्हा गोकुळा जाळीवर वाकलेली होती. दुसरा तिच्या पाठीत बसला. ती सरळ झाली. हातातलं लोखंडी दाताळं तसंच होतं, आणि त्याच्या दातांतून केसांचा, लुगड्यांच्या चिंध्यांचा, पोरांच्या लंगोटांचा काळा गुंता गळत होता.

"कोनाचा बे हा दगड?" ती ओरडली. "घरी माय नाई का तुले?"

फाटकातून पंधरा-वीस माणसं आत घुसली होती. नाल्याकाठच्या खालच्या वस्तीतली. पायजमे गुडघ्यापर्यंत भिजलेले आणि भिजले कशाने ते वासावरूनच कळत होतं. पुढे प्रणित नावाचा तरणा माणूस होता. त्याच्या हातात सळई होती.

"पंप कोन चालवते इथी?"

"मी चालवतो," देवानंद पुढे झाला. गोकुळेचा थोरला. "पंप जाम आहे भाऊ. यात्रेचे कपडे गुंतले. साहेबाले फोन केला, विहिरीत हवा सोडाचा पंखा आनि दोर घेऊन माणसं येऊन राह्यले."

"सकाळपासून येऊनच राह्यले!" प्रणितने सळई फिरवली. ती देवानंदच्या कानाला लागली आणि कानाची पाळी फाटली. "माया घरात गुडघ्याइतका गू आहे! आठ दिवसाची बाळंतीण बहीण खाटंवर बसली आहे लेकरू डोक्यावर धरून! अन् तू मले पंखा सांगून राह्यला?"

प्रणित खोटं बोलत नव्हता. महाकालीच्या यात्रेचा तिसरा दिवस होता तो. चैत्राच्या उन्हात लाखभर माणूस देवीला येतं, झरपट नदीत अंघोळ करतं, आणि अंगावरचं ओलं तिथेच सोडून नवं नेसून जातं. देवीसमोर माणसाचे हात जोडलेले असतात, मोरीकडे कुणी बघत नाही. मग ते सगळं वाहत गोकुळेच्या जाळीला येतं. शहराची घाण आधी या पंपघराच्या विहिरीत उतरते आणि इथून पंप ती वर शुद्धीकरणाच्या टाक्यांकडे ढकलतात. पंप दोन होते. एक महिन्यापासून मोटर भरायला गेलेला. दुसरा त्या दिवशी पहाटे गुंतला. पंप थांबला की घाण आल्या नळाने मागे फिरते, आणि सगळ्यात खालचं घर कुणाचं असतं हे काय सांगायला हवं? गरिबाचंच.

पंप वर ओढायची साखळी कंत्राटदाराने दुसऱ्या ठिकाणी नेली होती. दोर अडकवायचे कमरेचे पट्टे आणि गॅस मोजायचं यंत्र साहेबाच्या कपाटात, आणि किल्ली साहेबाच्या खिशात. कपाटाच्या दारावर मात्र सुरक्षेचा कागद चिकटवलेला होता, चांगला रंगीत.

गोकुळा माणसांच्या आणि पोराच्या मधे शिरली. तिने दाताळं आडवं धरलं.

"आता हात लाव त्याले. लाव! हे तुया तोंडात घालते."

जमाव दोन पावलं मागे झाला. दाताळ्याला भ्याला नाही, त्यावरून गळत होतं त्याला भ्याला.

प्रणित मात्र थुंकला. "धिवर मने! वैनगंगेचे धिवर! अन् वीस फुटाच्या डबक्यात उतराची हिंमत नाई. बांगड्या भरा."

इथे गोकुळेने गप्प बसायला हवं होतं. पण तिची जीभ कधी गप्प बसली आहे? चामोर्शीकडच्या गावातून, नवरा गेल्यावर, दोन लेकरं कडेला घेऊन ती चंद्रपुरात आली ती या जिभेच्या जोरावर. अठरा वर्षं तिने जाळी ओढली, मुकादमांना वठणीवर आणलं, आणि पोरांना भाताबरोबर एकच गोष्ट भरवली, की आपण धिवर, नदीत मासे धरणारी, डोहातली माणसं. आपल्यासारखा दम कुणाला नाही.

"माया पोट्टा दोन मिनिटं दम धरते," ती म्हणाली. "तुया साती पिढीत कोनी धरला का? सांग!"

बोलली आणि तिला कळलं. शब्द म्हणजे काही दाताळं नव्हे मागे ओढायला. देवानंदने कानावरचं रक्त पुसलं, शर्ट काढला आणि विळा कमरेला खोवला.

"देवा, थांब. पंखा येऊ दे."

"एका दमाचं काम आहे माय. खाली श्वासच नाई घेत मी, मंग गॅस काय करन मले?"

"अरे, सोमवारी वास येत नोव्हता तिथी. वास येनं बंद झालं का जहरी गॅस भरला समजून घे मने, जुने लोक सांगत..."

"आता चार लोकांत तूच बोलली नं? मंग होऊ दे."

अमर, धाकटा, गाळाच्या गाडीवर काम करायचा. त्याने विहिरीचं झाकण सरकवलं आणि वाकून बसला. देवानंदने तीनदा छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले, आणि लोखंडी शिडीने उतरला.

गोकुळेने दाताळ्याची दांडी झाकणाच्या कडेवर आपटायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. त्यांच्यात ही रीतच आहे. डोहात कुणी बुडी मारली, की काठावरचा माणूस डोंग्यावर बांबू आपटत मोजतो. पाण्याखालच्याला तो ठोका ऐकू येतो. सत्तर झाले आणि डोकं वर आलं नाही, तर दुसऱ्याने उडी घ्यायची. विचारायचं नाही, देवाचं नाव घेत बसायचं नाही. उडी. तिचा नवरा सोमाजी अडकलेलं जाळं सोडवायला उतरला होता, तेव्हा काठावर त्याचा सख्खा भाऊ दसरू मोजत होता. सत्तर झाले, शंभर झाले, एकशेवीस झाले. दसरू मोजतच राहिला. प्रेत निघालं तेव्हा गोकुळेने भर गावात दसरूच्या धोतराचा सोगा धरून उचलला होता. "पाहा हो सारे! याचं धोतर कोरडं आहे!" त्या दिवसापासून तिच्या दारात दसरूला पाणी नव्हतं.

तीस. खाली देवानंद छातीपर्यंत घाणीत उभा होता. विळ्याचा हात चालत होता. चाळीस. एक अखंड लुगडं सुटून वर आलं, आतड्यासारखं. पन्नास. त्याने हात वर केला. मोकळा झाला होता पंप! जमावातल्या एकाने टाळीही वाजवली. देवानंदने एक पाय शिडीवर ठेवला, मान वर केली, आणि हसून ओरडला,

"माय, चालू कर!"

पाण्याखाली माणसाला तोंड उघडता येत नाही, म्हणून धिवर जगतो. इथे उघडता आलं. बोलायला दम सोडला, आणि पुढचा श्वास आपोआप आत गेला. देवानंदचे डोळे उघडेच राहिले. शिडीवरचा हात सुटला. वाळत घातलेलं कापड दोरीवरून घसरावं तसा तो घसरला आणि पालथा पडला.

"दादा!" अमरचा पाय शिडीवर होता.

गोकुळेने विचार केला नाही. विचार करणाऱ्याला असं जमत नाही. तिने दाताळं डोक्यावर उचललं आणि अमरच्या पायावर हाणलं. तो काठावर कोसळला, तरी हाताने सरपटत भोकाकडे निघाला. डोकं आत गेलं. तिने दुसरा घाव गुडघ्याखाली घातला. ओलं लाकूड तुटल्यासारखा आवाज झाला, आणि पाय जिथे वळत नाही तिथे वळला. तिने त्याला केसांना धरून बाहेर ओढलं आणि त्याच्या छातीवर बसली.

"सोड! माय, सोड मले! सत्तर नाई झाले अजून! मोज! मोज नं वो माय!"

तिने मोजणं केव्हाच थांबवलं होतं.

"तू रांड आहेस! तू मारून राह्यली त्याले!" अमर तिच्या हाताला चावला. दात मांसात गेले. तिने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडात मारली, एकदा, दोनदा, ओठ फुटेपर्यंत. प्रणित झाकणाकडे धावला तशी ती बसल्या जागेवरून किंचाळली, "खबरदार! उतरला तर तुयं डोसकं फोडीन! दोर आण, बयताडा, दोर!"

प्रणितने गाळाच्या गाडीचा दोर आणला. तिने तो दाताळ्याला बांधला, आणि बुडालेलं माणूस डोहातून काढतात तसं काठावरून पोराला शोधायला लागली. दात देवानंदच्या पँटच्या पट्ट्यात अडकले. ज्यांनी दगड मारले होते त्या आठ जणांनी दोर ओढला. देवानंद पाच फूट वर आला, मान लोंबकळत, कानाच्या फाटक्या पाळीतून अजून रक्त येत होतं. मग पट्टा तुटला. तो परत पडल्याचा आवाज वरपर्यंत आला. त्यानंतर कुणी ओढायचं नाव काढलं नाही.

अग्निशमनाची माणसं तोंडाला मुखवटे लावून उतरली तेव्हा पाऊण तास झाला होता.

दवाखान्यात साहेब कागद घेऊन आला. तोपर्यंत त्याच्या खिशातली किल्ली कपाटाला लागली होती, आणि कमरेचे पट्टे पंपघराच्या खुंट्यांवर ओळीने टांगलेही गेले होते.

"बाई, इथं सही करा. मयत कुणीही न सांगता, आपल्या मर्जीनं उतरला, एवढंच लिहिलं आहे."

गोकुळेने कागद घेतला. दुसरीपर्यंत शिकलेल्या डोळ्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. मग तिने साहेबाच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की त्याचा चष्मा खाटेखाली गेला.

"मर्जी त्याची नोव्हती. माया जिभेची होती. तसं लिही," ती म्हणाली. "अन् कपाटाची किल्ली कोनापाशी होती, तेही लिही. दोन्ही लिही, मंग अंगठा काय, पंजा देते."

साहेबाने चष्मा उचलला आणि पुढे तो कागद कुणी पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी गावाकडची माणसं आली. अंगणात बसली. म्हाताऱ्यांनी विचारायचं ते विचारलंच, कारण ते विचारल्याशिवाय धिवराचं सुतक पुढे सरकत नाही.

"काठावर कोन होतं?"

"मी होतो," आतून अमर म्हणाला. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर.

"मी होते," गोकुळा म्हणाली. "त्याले नका विचारू. तो उतरतच होता. मी पाय मोडला त्याचा."

एका बाईने तोंडाला पदर लावला आणि पदराआडून बोललीच, "एक तर गेलाच होता. दुसऱ्याले लंगडा केला. मायच्या हातानं!"

"हो. लंगडा आहे," गोकुळा म्हणाली. "लंगडा आहे म्हणून दिसून राह्यला तुले."

दसरू फाटकाबाहेर उभा होता. अठरा वर्षांत म्हातारा झाला होता. गोकुळा उठली. तिने तांब्या भरला आणि अंगण ओलांडून त्याच्यासमोर धरला. तिच्या मनगटावर दातांचे व्रण काळे पडले होते.

"घे भाऊजी. आत ये."

दसरूने तांब्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"नाई वयनी," तो म्हणाला. "माया पाय कोनी मोडला नोव्हता."

तो बाहेरच्या दगडावर बसून राहिला, आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. भरलेला तांब्या तिने घरात आणून ठेवला. कुणी प्यायलं नाही.

तेरावं झालं. माणसं पांगली. तोवर अमरला उचलायला कुणी ना कुणी होतं; आता घरात दोघंच. तो तिच्याशी बोलत नव्हता. तिने ताट ठेवलं की भिंतीकडे तोंड करून जेवायचा. ती दुसरीकडे पाहत असली तरच.

संडास अंगणाच्या टोकाला होता, बारा पावलांवर. सकाळपासून अमरने कुशी बदलल्या. कुबडीला हात घातला, उठला, घामाघूम होऊन परत बसला. गोकुळा उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही आणि विचारलंही नाही. विचारलं असतं तर तो मेला असता पण उठला नसता. शेवटी पोरगा कुणाचा?

ऊन अंगणात आलं. अमरने भिंतीकडे पाहत एक हात बाजूला लांब केला. नुसता हात. बोलावल्यासारखा नाही, टाकून दिल्यासारखा.

ती उठली. त्या हाताखाली तिने खांदा घातला. अमरने अंगाचा सगळा भार तिच्यावर सोडला. रागाने सोडला की दुसरा इलाज नव्हता म्हणून, कोण सांगणार? तिचा गुडघा लचकला. दात आवळून ती सरळ झाली. चार पावलांवर थांबली, परत चार पावलं. त्याचा श्वास तिच्या कानाजवळ गरम लागत होता.

तिने त्याला आत टेकवलं, डबा भरून हाताशी ठेवला, दार लोटलं आणि अंगणाकडे तोंड करून, पाठीने दार धरून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने आत पाणी पडल्याचा आवाज झाला.

"झालं," अमर म्हणाला.

गोकुळेने दार उघडलं आणि खांदा पुढे केला.