कीड संपली की

"कीड संपली की आम्ही निघू," असं जावई एकदा सासऱ्यांना बोलून गेला आणि तिथेच त्याने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. गणिताच्या माणसाने तरी शब्द मोजून वापरावा! पण सासऱ्यांनी तो झेलला आणि गाठीला बांधून ठेवला.

सासऱ्यांच्या हरितगृहात ढोबळी मिरची होती आणि मिरचीवर मावा. पानांच्या पाठीला चिकटून रस शोषणारी ती हिरवी पिलावळ औषधांना दाद देत नव्हती. म्हणून जावयाने ढालकिडे सोडले. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा हा किडा माव्यावर तुटून पडतो. किती सोडायचे नि कधी, हे तो समीकरणं मांडून काढी. खरं तर तो आला होता थोड्या दिवसांसाठी, सासूबाई गेल्या तेव्हा. बायको एकुलती एक. थोडे दिवस कधीच सरले होते, पण तो विषय घरात कोणी काढत नसे.

संध्याकाळी चहा घेताना तो सासऱ्यांना समजावून सांगे. "मावा वाढला की ढालकिडे वाढतात, बाबा. त्यांनी मावा फस्त केला की त्यांचीच उपासमार. मग ते मरतात, नाहीतर उडून जातात. आणि मावा पुन्हा डोकं वर काढतो."

"म्हणजे राखणदार टिकवायचा, तर थोडी कीड ठेवावीच लागते?"

"अगदी बरोबर!" जावई खूश झाला. इतका लक्ष देणारा विद्यार्थी त्याला कॉलेजातही मिळाला नव्हता.

पण त्याला राखणदार टिकवायचा नव्हता, सुटायचं होतं. दूरच्या एका विद्यापीठाने त्याला बोलावलं होतं आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. मावा उतरणीला लागला की तेव्हाच आणखी ढालकिडे सोडायचे, म्हणजे तो समूळ संपेल, असं गणित म्हणत होतं. त्याने तसं केलं. मावा संपत आला, आणि पुन्हा उगवला. परत केलं, परत तेच. हरितगृहाच्या दमट उबेत आता त्याचा जीव घुसमटू लागला.

शेवटी चिडून त्याने समीकरणात एक पद वाढवलं: बाहेरून रोज थोडा मावा आत येतो आहे. आकडे असे चपखल जुळले की त्याला घाम फुटला. त्याने जाळी हातभर हातभर चाचपली, दोन्ही दारं तपासली. भोक कुठेच नव्हतं.

गुरुवारी सकाळी तो रोपांमागे उकिडवा बसून खालची पानं पाहत होता, तेवढ्यात सासरे आत आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी शर्टाच्या खिशातून माव्याने भरलेलं एक पान काढलं आणि मिरचीच्या शेंड्यावर जपून टेकवलं.

"बाबा!"

सासरे वळले. पण पानावरचा हात त्यांनी काढला नाही.

"तुम्हीच शिकवलंत, जावईबापू. कीड संपली की राखणदार उडून जातो." मग हळूच म्हणाले, "पोरगी गेली तर या घरात मी बोलू कोणाशी?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं त्याचं. म्हाताऱ्यावर ओरडवेना आणि गप्पही बसवेना. तो तरातरा घरी आला. बायको नळापाशी कपडे धूत होती.

"मावा कुठून येतो, कळलं," तो म्हणाला. "तुझे बाबा खिशातून आणतात!"

हातातल्या बाबांच्या कालच्या शर्टाचा खिसा तिने उलटा केला. तो चिकट होता. मावा बसतो तिथे असा चिकटा पडतो, हे त्यानेच तिला एकदा सांगितलं होतं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"रोज मीच धुते," ती म्हणाली, आणि खिशाला साबण लावू लागली. "तुझ्या नजरेला पडायच्या आत."